डब्यातला अनंत

विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या जूनमध्ये मला मुकुटबनच्या प्राथमिक शाळेत नोकरी लागली. मी वीस वर्षांची होते. वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. यवतमाळची भाड्याची जागा सोडायची आणि आईनं माझ्यासोबत मुकुटबनला राहायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे मामांनी ठरवलं. एकटी पोरगी अनोळखी गावात कशी राहील, ही एक काळजी आणि विधवा बहिणीला कुठं ठेवायचं, ही दुसरी. दोन्ही काळज्या एकाच एसटीत बसवून दिल्या की ते मोकळे. आईला कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

आईनं स्वतःची म्हणून एकच वस्तू सोबत घेतली. अनंताचं झाड. वनस्पती तुपाच्या पत्र्याच्या डब्यात लावलेलं, हातभर उंचीचं, गर्द चकचकीत पानांचं. वडिलांनी कुठल्याशा बंगल्यातल्या माळ्याकडून फांदी आणून ते लावलं होतं. आमच्या घराला अंगण नव्हतं, म्हणून ते घरातच, खिडकीपाशी एका स्टुलावर वाढलं. अनंत बाराही महिने हिरवा असतो. चैत्र-वैशाखात त्याला जाड पाकळ्यांची पांढरी फुलं येतात आणि एक फूल उमललं तरी दोन खोल्या वासानं भरून जातात. वडील होते तोवर पहिलं फूल आईच्या अंबाड्यात जायचं. त्या वर्षी फुलं आली ती झाडावरच पिवळी होऊन वाळली.

वणीला गाडी बदलताना कंडक्टर म्हणाला, "बाई, हे वर टपावर टाका."

आईनं डबा मांडीवर घेतला आणि पदरानं झाकला. कंडक्टर पुन्हा म्हणाला. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी तोच कंटाळून पुढं गेला. मुकुटबनला उतरेपर्यंत आईच्या लुगड्यावर चिखलाचा गोल उमटला होता.

शाळेपासून जवळच आम्हाला तीन खोल्या मिळाल्या. कवेलूचं छप्पर, पुढं ओटा. ओटा शेजारच्या घराशी सामाईक होता. शेजारी एक मुसलमान मिस्त्री राहायचे. आसपासच्या गावांतली ऑइल इंजिनं, सायकली, शिवणयंत्रं, जे बिघडेल ते दुरुस्त करायचे. मी त्यांना चाचा म्हणू लागले आणि त्यांच्या बायकोला चाची. त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन आदिलाबादकडे गेलेल्या. घरात हे दोघं आणि एक काळी बकरी.

पहिल्याच दिवशी चाची ओट्यावरून सांगून गेली, "मास्तरीण, त्या विहिरीच्या पान्यात डाळ नाही शिजत. दिवसभर चूल पेटवा, दाना तसाच. डाळीसाठी नाल्यातल्या झिऱ्याचं पानी आनत जा."

नाल्याच्या वाळूत खड्डा केला की हळूहळू पाणी झिरपून वर येतं, त्याला इकडे झिरा म्हणतात. आमच्या गावाच्या पोटात सगळा चुनखडीचा दगड, त्यामुळे विहिरीचं पाणी जड. मी डाळीपुरती एक घागर झिऱ्यावरून आणू लागले. बाकी सगळं विहिरीच्या पाण्यावर चालायचं. झाडही.

आई बोलायची नाही, म्हणजे अबोला नव्हता. विचारलं तर उत्तर द्यायची, पण आपण होऊन एक शब्द नाही. मी शाळेतून आले की ती मधल्या खोलीत खिडकीपाशी बसलेली असायची, शेजारी स्टुलावर झाड. ओट्यावर बायका जमायच्या, तांदूळ निवडायच्या, हसायच्या. ही आतून ऐकायची. चाचीनं दोन-तीनदा बोलावून पाहिलं, मग नाद सोडला.

दिवाळीच्या आधी माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी, ते कास्तकार होते, झाडासाठी टोपलंभर माती पाठवली. त्यांच्या कापसाच्या वावरातली, काळीभोर, लोण्यासारखी. इतकी चांगली माती आम्ही यवतमाळला कधी पाहिली नव्हती. आईनं मोठा डबा घेतला, तळाला खिळ्यानं भोकं पाडली, आणि झाड त्या मातीत हलवलं. बऱ्याच दिवसांनी मी तिला घाईनं काही करताना पाहिलं.

आणि झाड बिघडलं. आधी कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मग जुनी पानं. रोज दोन-चार पानं स्टुलाखाली पडलेली सापडायची. आई ती वेचून पदरात घ्यायची. तिनं पाणी वाढवलं, मग कमी केलं. शेण घातलं, राख घातली. शाळेतल्या हेडमास्तरांनी सांगितलं म्हणून पानात खायच्या चुन्याची निवळीसुद्धा घातली. पुढं कळलं की चुन्यानंच ते मरायला टेकलं होतं आणि आम्ही वरून आणखी चुना पाजत होतो.

एके दिवशी आई म्हणाली, "त्याला नाही मानवलं हे गाव." ती झाडाबद्दल बोलते आहे असं मी स्वतःला समजावलं.

संक्रांतीच्या सुमारास टोपल्या विकणारी एक कोलाम बाई आली. झरीकडच्या एका पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, ती महिन्यातून एकदा बांबूच्या टोपल्या आणि सुपं डोक्यावर घेऊन यायची. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. सूप दाखवायला दारात वाकली आणि तिची नजर आतल्या झाडावर गेली. सूप बाजूला ठेवून ती सरळ विचारती झाली, "माय, हे कोठून आनलं?"

"यवतमाळचं आहे," मी म्हणाले.

"याचा भाऊ हाये आमच्या रानात. डिकेमाली. पानं अशीच. फूल बी असंच, पांढरं." तिनं उंबऱ्यातूनच मान पुढं करून पाहिलं. "पन हे आजारी हाये."

आई उठून डबा घेऊन दाराशी आली. आपण होऊन परक्या माणसाजवळ येण्याची तिची ही पहिलीच वेळ.

"तुमच्या रानातलं नाही पडत का पिवळं?"

"नाही वो माय. ते टेकडीवर असते. लाल मुरूम, अन् त्याच्यावर सडका पालापाचोळा. काळ्या मातीत कधी नाही पाह्यलं म्या ते." तिनं डब्यात बोट घातलं, माती चोळली आणि मान हलवली. "ही कापसाची माती हाये. याले नाही पाहिजे ही."

कोलाम बाई सूप विकून निघून गेली. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा टोपल्यांच्या उतरंडीवर एक टोपली भरलेली होती. वर पळसाची पानं, खाली रानातला कुजका पाला आणि तांबडी माती. पावसाळ्यातल्या झाडीसारखा ओला वास येत होता. आई तिच्या हातात काही ठेवायला गेली तर ती म्हणाली, "मातीचं कायचं घेऊ माय? च्या पाजा."

त्या दिवशी दोघींनी मिळून झाड हलवलं. मुळांना चिकटलेली काळी माती त्यांनी पाण्यात बुडवून हळूहळू सोडवली. डब्याच्या आतल्या कडेवर पांढरा थर बसलेला दिसला. आईनं तो नखानं खरवडला, बोटांवर घेतला, आणि उठून चुलीजवळच्या पाणी तापवायच्या भांड्यात पाहिलं. तिथंही तोच थर.

"ज्या पान्यात डाळ नाही शिजत," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तेच पानी आपून याले पाजत होतो काय गं?"

दुसऱ्या दिवसापासून झाडाला झिऱ्याचं पाणी सुरू झालं. होळीपर्यंत शेंड्यांना नवी पानं फुटली, लहान आणि चकचकीत. एका फांदीच्या टोकाला दोन कळ्या दिसल्या, जोंधळ्याच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या. आईनं मला हात धरून नेऊन त्या दाखवल्या. ती आता स्वयंपाक करताना गुणगुणू लागली होती.

आणि मग ते झालं.

मधल्या खोलीत सकाळचं ऊन पोचत नव्हतं, म्हणून आईनं झाड तासभर ओट्यावर आणून ठेवलं. आत जाऊन चुलीवरचं दूध उतरवून ती परत आली, तेवढ्यात चाचीच्या बकरीनं झाड फस्त केलं होतं. पानं, कळ्या, कोवळ्या फांद्या, सगळं. डब्यात वीतभर खोडकं उभं होतं. बकरी शांतपणे रवंथ करत होती.

मी शाळेला निघायच्या तयारीत होते. आईचा आवाज ऐकून धावत बाहेर आले. तो आवाज मी कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता.

"जनावर बांधून ठेवता येत नाही तं पाळता कायले?"

चाची हात पुसत बाहेर आली. तिनं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला, पण समोरून इतक्या जोरात आल्यावर तिलाही राग आला. "मुकं जनावर आहे बाई, तिले काय समजते? तुम्ही काहून ठेवलं ओट्यावर?"

"ओटा काय तुमच्या बकरीचा हाये?"

"अन् तुमच्या झाडाचा हाये?"

गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. आईनं डबा उचलून कडेवर घेतला. ती म्हणाली, "माह्या घरचं एवढंच उरलं होतं. तेवढंही नाही ठेवलं तुम्ही." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. चाचीनं बकरीला दोन चापट्या मारल्या आणि तीही आत गेली.

पाच-सहा दिवस ओट्यावर कोणी बसलं नाही. मला सगळ्यात अवघड झालं होतं. चाचा रोज सकाळी मला "चलली का शाळेले?" विचारायचे, तेही मान खाली घालून जाऊ लागले. आईनं खोडकं फेकलं नाही. ते परत स्टुलावर ठेवलं. दिवसातून एकदा ती नखानं सालीचा बारीकसा तुकडा खरवडून पाहायची. आत हिरवं आहे का. होतं.

सहाव्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी तारेची एक जाळी ठेवलेली. कणगीसारखी गोल, डब्याच्या बरोबर मापाची, वर झाकण, झाकणाला कडी. चाचांच्या हातची. ते बाजूला सायकलच्या चाकाशी खटपट करत बसले होते. आमच्याकडे त्यांनी वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं चाची नाल्याकडून आली. डोक्यावर घागर, हातात एक छोटी पितळी गुंडी. तिनं गुंडी आमच्या उंबऱ्यावर टेकवली.

"झिऱ्याचं आहे," ती म्हणाली. "झाडापुरतं. मी रोज जातेच. तुम्ही नका जाऊ त्यासाठी."

आईनं गुंडी उचलली, पाणी झाडाला घातलं आणि गुंडी रिकामी करून परत ठेवली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही.

मार्च, एप्रिल, मे. त्या उन्हाळ्यात झिरा इतका आटला की घागर भरायला अर्धा तास बसून राहावं लागायचं. वाटीवाटीनं पाणी उपसायचं. चाचीनं एक दिवस चुकवला नाही. आई आता गुंडी परत देताना "बसा" म्हणायची, आणि चाची बसायची. मिस्त्रींच्या घरचं पाणी आमच्या स्वयंपाकात तेव्हा चालत नसे. आजी-मामांपासून तसंच चालत आलेलं, आई ते सोडणारी नव्हती. झाडाला चालत होतं, कारण झाड स्वयंपाकात येत नव्हतं. पण एका दुपारी मी पाहिलं, गुंडीत उरलेलं ओंजळभर पाणी आईनं सहज डाळीच्या भांड्यात ओतलं. क्षणभर ती थांबली, भांड्याकडे पाहिलं, आणि झाकण ठेवलं. मामा आले असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

खोडक्याला फुटवा आला तो आधी चाचीनं पाहिला. गुंडी घेऊन खिडकीवरून येत होती, तिथूनच डोकावून ओरडली, "बाई! ओ बाई! फुटलं!" आणि तशीच आत शिरली, मधल्या खोलीपर्यंत. आमच्या घरात ती पहिल्यांदाच इतकी आत आली होती. दोघी स्टुलापाशी वाकून उभ्या राहिल्या. सालीतून तीन ठिकाणी हिरवे ठिपके वर आले होते, मोहरीएवढे.

"तीन फुटले," आई म्हणाली. "पहिले एकच खोड होतं."

"माझ्या बकरीची मेहेरबानी," चाची म्हणाली आणि लगेच जीभ चावली. आई हसली. मग दोघी इतक्या हसल्या की चाचा खिडकीतून डोकावून गेले.

पावसाळ्यात चाचांनी पाण्याचा प्रश्न कायमचा सोडवला. पत्र्याचे डबे कापून, ठोकून सरळ करून त्यांनी कवेलूच्या कडेखाली एक पन्हळ बसवली, आणि तिच्या तोंडाशी तेलाचं रिकामं पिंप ठेवलं. पिंप सोड्यानं तीनदा धुतलं होतं. "पहिले दोन-चार पाऊस वाहू द्या," त्यांनी आईला बजावलं. "छपराचा कचरा धुऊन जाऊ द्या. मंग भरा." पिंप भरलं की आई वर फडकं बांधून ठेवायची. ते पाणी दिवाळीच्याही पुढं पुरायचं. त्यानंतर पुन्हा चाचीची गुंडी.

त्या दोन वर्षांत आईनं अनंताचं जे काही शिकून घेतलं, त्याचं पुस्तक होईल. डब्यावर तिनं कोळशानं एक फुली मारली होती. ती फुली नेहमी खिडकीकडे. झाडाला कळ्या लागल्या की डबा फिरवायचा नाही, हलवायचा नाही, नाहीतर कळ्या गळतात. मे महिन्यात डब्याभोवती ओलं पोतं गुंडाळायचं. पानांवर धूळ बसली की ओल्या चिंधीनं एकेक पान पुसायचं, खालूनही. चहाचा चोथा धुऊन, वाळवून मुळाशी. एकदा पानांखाली पांढरा चिकट मावा पडला, तेव्हा चाचांनी विड्यांची थोटकं जमवून दिली. ती रात्रभर भिजवून त्या पाण्यानं पानं पुसली आणि मावा गेला. "माह्या विड्या कशाच्या तरी कामी आल्या," चाचा म्हणाले. चाची म्हणाली, "तं आता थोटकंच द्या, पिऊ नका."

खोडकं झाल्याच्या पुढच्या वर्षी, चैत्रात, झाडावर अकरा कळ्या होत्या. आई रोज मोजायची. एकही गळली नाही. पहिली कळी संध्याकाळी उमलायला लागली तेव्हा चाची आमच्याकडेच होती. आधी हिरवट टोक सैल झालं, मग एकेक पाकळी मागं वळली. वास ओट्यापर्यंत गेला. येणारी-जाणारी माणसं थांबून विचारू लागली, काय लावलं हो?

आईनं दुसऱ्या दिवशी सकाळी ते फूल देठासकट खुडलं आणि चाचीला दिलं. चाचीनं ते हातात घेतलं, पण केसांत खोचलं नाही.

"पहिलं फूल तुमचं," ती म्हणाली.

"आमच्यात नाही चालत आता," आई म्हणाली. अगदी साध्या आवाजात.

चाचीनं फूल दोन्ही हातांत धरून थोडा वेळ पाहिलं आणि मग आईच्या नाकाशी नेलं. "डोक्यात नाही चालत. नाकाले तं चालते ना?"

आईनं डोळे मिटून वास घेतला. खूप वेळ. मग चाचीनं ते फूल आपल्या अंबाड्यात घातलं आणि दिवसभर मिरवलं. बाकीची दहा फुलं आईनं गल्लीत वाटली. एक शाळेत माझ्या टेबलावर आलं. एक कोलाम बाईसाठी तिनं वाटीत पाणी घालून ठेवलं होतं, पण ती यायच्या आत ते पिवळं पडलं. तेव्हा आईनं तिच्यासाठी दुसरं काही करायचं ठरवलं. पावसाळ्यात तिनं फांदीचे चार तुकडे ओल्या वाळूत खोचले, त्यातले दोन जगले. एक आम्ही ठेवलं. दुसरं पळसाच्या पानात बांधून कोलाम बाईला दिलं. तिनं ते टोपलीत, सुपांच्या मधोमध नीट ठेवलं आणि नेलं.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी माझी यवतमाळला बदली आली. मी दरवर्षी अर्ज करत होते. मुकुटबनला येताना मी स्वतःला वचनच दिलं होतं की दोन वर्षांच्या वर इथं राहायचं नाही. यवतमाळला माझ्या मैत्रिणी होत्या, वाचनालय होतं, टॉकीज होती. मी कागद घेऊन नाचतच घरी आले.

आई भाकरी थापत होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू जा. मी इथंच राह्यते."

मला वाटलं तिला झाडाची काळजी आहे. "अगं, झाड नेऊ की. आणलं तसंच नेऊ, मांडीवर."

"झाडापायी नाही अडून राह्यली मी."

"मग?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "तिथं मले आता कोन वळखते? तुह्या बाबाची बायको म्हनून वळखत होते. इथं सकाळी माहं दार उघडलं नाही तं भाभी येऊन कडी वाजवते." ती चाचीला भाभी म्हणायची.

मी त्या दिवशी जेवले नाही. मला खरंच राग आला होता. तीन वर्षांपूर्वी मी तिला न विचारता इथं आणलं, आणि आता तीच मला अडकवून ठेवते आहे, असं काहीबाही मनात येत होतं. तिला एकटीला सोडून जायचं धाडस माझ्यात नव्हतं आणि तिला ओढून नेण्याचंही. आठवड्यानं मी बदली नको म्हणून लिहून दिलं. हेडमास्तरांनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" मी हो म्हणाले, पण काही महिने आईशी तुटकच बोलत होते. ती ते समजून होती. तिनं माझी समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. माझ्या टेबलावर मात्र हंगाम संपेपर्यंत रोज फूल असायचं.

हळूहळू राग गेला. कधी गेला ते सांगता येणार नाही. पुढच्या वर्षी मी मुलींच्या वर्गासाठी शाळेच्या व्हरांड्यात सहा डबे मांडले आणि आईला शिकवायला बोलावलं. ती आधी नाही म्हणाली, मग डोक्यावरून पदर घेऊन आली आणि तासभर बोलली. तास संपल्याची घंटा झाली तरी मुली उठेनात.

त्याच उन्हाळ्यात कोलाम बाई टोपल्या घेऊन आली आणि म्हणाली, "माय, तुमचं झाड पाहाले येत नाही का?" आईनं मनावर घेतलं. काळी माती देणाऱ्या त्या कास्तकारांनीच बैलगाडी दिली, त्यांचा गडी गाडी हाकायला. आई, चाची आणि मी पहाटे निघालो. चाचीनं शिदोरीला रोट्या घेतल्या होत्या, आईनं पिठलं. रस्ता रानातून होता, मोहाची झाडं, सागाची मोठमोठी वाळकी पानं चाकाखाली करकरत होती. टेकडीवर एका ठिकाणी गाडीवान म्हणाला, "हे डिकेमाली." पाहिलं तर ओबडधोबड झुडूप, पण पानांची ती चमक ओळखीची. आईनं गाडी थांबवून उतरून एका पानाला हात लावला.

पोडावर पंधरा-वीस झोपड्या. कोलाम बाईच्या झोपडीच्या मागं तिचा अनंत होता. आम्ही पाहिलं आणि तिघीही उभ्या राहिलो. तो तिच्या खांद्यापर्यंत आला होता. तांबड्या मातीत, कुजक्या पानांत, आजूबाजूला काही कुंपण नाही, काही नाही. आणि फुलं. आमच्याकडे अकरा आली तर आई गावभर सांगायची. इथं मोजायची सोय नव्हती. तिच्या दोन्ही मुलींच्या केसांत फुलं, कोंबड्यांच्या पायाखाली फुलं.

आईनं विचारलं, "पानी कोनतं घालतेस?"

"पानी?" कोलाम बाईला प्रश्न कळेना. "पावसाचं पडते ना, माय. बाकी कायचं पानी?"

"अन् उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात काय? असते तसंच."

आईनं चाचीकडे पाहिलं. चाचीनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! चार उन्हाळे झिऱ्याचं पानी पाजलं म्या त्याले! गुंडीगुंडीनं! अन् हिचं पाहा!"

आई हसायला लागली. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. हसता हसता तिथंच झाडाशेजारी खाली बसली. कोलाम बाई गोंधळून आमच्याकडे पाहत होती, मग तीही हसू लागली.

दुपारी आम्ही एका मोहाच्या सावलीला जेवलो. कोलाम बाईनं ज्वारीच्या कण्या आणि आंबाडीची भाजी वाढली, आईनं पिठलं सगळ्यांच्या पानात घातलं. चाचीची रोटी आईनं मागून घेतली. निघताना कोलाम बाईनं पळसाच्या पानांचा मोठा द्रोण करून त्यात फुलं भरली, इतकी की वरून ओघळत होती. आई म्हणाली, "एवढी नको गं." ती म्हणाली, "न्या माय, झाडच तुमचं हाये."

परतीच्या वाटेवर ऊन उतरलं होतं. चाची गाडीच्या दांडीला टेकून पेंगत होती. द्रोण आईच्या मांडीवर होता. तिनं एक फूल काढून चाचीच्या केसांत हलकेच खोचलं. चाची जागी झाली नाही. मग एक माझ्या वेणीत.

"तुझ्यासाठी?" मी विचारलं.

तिनं एक फूल उचललं, थोडं हातात फिरवलं, आणि कमरेला खोचलेल्या बटव्यात, सुपारी आणि लवंगांच्या शेजारी, नीट बसवलं. "रात्री काढीन," ती म्हणाली. "अंगाले वास राहाते." मग ती गाडीवानाशी बोलू लागली, त्याच्या घरी कोण कोण आहे, बैल कधी घेतले, त्याच्या वावरातली माती काळी आहे की तांबडी.